तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार: अधिकाराच्या गैरवापराची केस कशी उभी करायची

सातबारावरून नाव उडालं, घरकुलाच्या यादीतून काढलं, ट्रॅक्टर पकडून बिना पंचनाम्याचा ठाण्यात लावून ठेवला, अतिवृष्टीच्या यादीत शेजाऱ्याचं दोन एकर बसलं अन् आपलं शून्य. अशा वेळी आपल्या इकडे विदर्भात माणूस काय करतो तर मुख्यमंत्र्यापासून पोलीस पाटलापर्यंत बारा जणांना एकच अर्ज पाठवतो, मग तहसीलसमोर उपोषणाला बसतो, मग १५ ऑगस्टला आत्मदहनाचा इशारा देतो, त्यावर पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस (गुन्हा करू नका अशी ताकीद) हातात देतात आणि सहा महिन्यानं तो वकिलाकडे जातो तेव्हा वकील पहिलं विचारतो की आदेशाची नक्कल कुठे आहे. ती नसते. तक्रारीची पोहोच नसते आणि अपिलाची मुदत तर कधीच गेलेली असते.

केस खरी असूनही हरते ती बहुतेक वेळा इथंच. म्हणून खाली क्रम दिलाय, तो मोडू नका. उदाहरण एकच धरून चालू: आई २०२२ मध्ये वारली, वडील आधीच गेलेले, २०२५ मध्ये मोठ्या भावानं तलाठ्याला हाताशी धरून दोन बहिणींची नावं कमी करणारा फेरफार टाकून घेतला, नोंदणीकृत हक्कसोड नाही, बहिणींना नोटीस नाही, मंडळ अधिकाऱ्यानं डोळे मिटून प्रमाणित केला. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आहे, अर्जात दोन्ही लिहा म्हणजे आवकवाला अर्ज परत करणार नाही.)

१. आधी ठरवा, आदेश चुकीचा आहे का गैरवापर आहे

हे सगळ्यात जास्त चुकतं म्हणून जरा लांबण लावतो. साहेबानं कायदा चुकीचा समजून आदेश दिला तर तो चुकीचा आदेश, त्यावर उपाय अपील. साहेबाला कायदा माहीत होता, तरी मुद्दाम कोणाच्या फायद्यासाठी किंवा तुमचं नुकसान करायला उलट केलं, तर तो गैरवापर, आणि तिथे फौजदारी, विभागीय चौकशी, हायकोर्ट हे सगळे दरवाजे उघडतात. पण "मुद्दाम" हे तुम्हाला दाखवावं लागतं. तहसीलदार सुनावणी घेऊन निकाल देतो तेव्हा तो अर्धन्यायिक, म्हणजे कोर्टासारखं, काम करत असतो, नुसता निकाल विरोधात गेला म्हणून त्याच्यावर गुन्हा लागत नाही.

मुद्दाम केलं हे कशातून दिसतं? नोटीस न काढता काढली असं दाखवलं. मागची तारीख टाकली. तुमचा हरकत अर्ज आवकला असून रोजनाम्यात (प्रकरणाच्या तारीखवार नोंदीत) त्याचा उल्लेखच नाही. ज्याचा अधिकार नाही त्यानंच आदेश काढला. सुट्टीच्या दिवशी सुनावणी दाखवली. आपल्या उदाहरणात नमुना ९ ची, म्हणजे फेरफाराआधी संबंधितांना द्यायच्या नोटिशीची, प्रत काढली तर त्यावर आईची सही निघाली, तारीख २०२५ ची. मेलेली बाई सही करून गेली! असा एक कागद हातात असला तर वीस पानी तक्रारीची गरज उरत नाही.

तपासा: तुमच्याकडे असं निदान एक तरी ठोस काही आहे का? नसेल तर पायरी ४ वर जा, अपील करा, गैरवापराचा आरोप आत्ताच लिहू नका.

२. कागद गोळा करा, कोणाला कळायच्या आत

तक्रार आधी आणि कागद नंतर असं केलं की फाइल "सापडत नाही". म्हणून तक्रारीचा शब्दही बाहेर काढायच्या आत हे मिळवा:

- ज्या आदेशानं नुकसान झालं त्याची प्रमाणित नक्कल. झेरॉक्स चालत नाही, शिक्क्याची पाहिजे.
- फेरफार असेल तर गाव नमुना ६ ची नोंद, तक्रार नोंदवलेली असेल तर ६ अ, नमुना ९ ची नोटीस बजावणीसकट, आणि अर्जासोबत जोडलेले सगळे कागद.
- प्रकरण तहसीलला चाललं असेल तर पूर्ण रोजनामा. रोजनाम्यातच चोरी सापडते, लोक फक्त शेवटचा आदेश घेऊन येतात.
- तुमचे जुने सातबारे, मृत्यूचा दाखला, वारस दाखवणारे कागद.

नक्कल अर्जावर आठ-दहा दिवसांत हाललं नाही तर माहिती अधिकार टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं (तालुक्याला कधी कधी मिळतच नाही, जास्तीची घेऊन ठेवा), दारिद्र्यरेषेखालचा दाखला असेल तर फी माफ, अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर, हा आपल्या राज्याचा नियम आहे आणि याच कारणावर अर्ज परत येतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील, वीस रुपयाचं तिकीट.

अर्जात "माझ्यावर अन्याय का केला याचा खुलासा करावा" असं लिहू नका, "का" चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत आणि तसंच छापील उत्तर येईल. असं लिहा: "मौजे अमुक, फेरफार क्रमांक अमुक यासंबंधीच्या नमुना ९ नोटिशीची बजावणी अहवालासह प्रत, अर्जासोबतच्या सर्व कागदपत्रांच्या प्रती, आणि अमुक तारखेच्या आवक नोंदवहीच्या पानाची प्रत द्यावी." कागद मागा, खुलासा मागू नका.

मोबाईल रेकॉर्डिंग असेल तर तो मूळ फोन जपा. क्लिप कापू नका, व्हॉट्सॲपवरून फिरवलेली प्रत कोर्टात द्यायला बघू नका कारण फाइल बदललेली असते. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, त्यात एक भाग तुमचा आणि एक भाग तज्ज्ञाचा असतो, हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) टाकावी लागते. ही प्रमाणपत्राची अट किती कडक आहे ते सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये खोतकर-गोरंट्याल या जालन्याच्या निवडणुकीच्या प्रकरणात सांगितलं, तेव्हा कायदा जुना होता पण गोष्ट तीच आहे.

थांबा: क्लिप गावच्या ग्रुपवर टाकून वर "चोर तलाठी" असं लिहू नका. बदनामीची उलट केस होते, आणि समोरच्याला आठ दिवस आधी कळतं की तुमच्याकडे काय आहे.

३. तारखांची वही

एक दोनशे पानी वही. डाव्या बाजूला तारीख, उजव्या बाजूला काय झालं, कोण हजर होतं, कोणता कागद. फार लिहू नका. "१२ जून, तहसील, हरकत अर्ज दिला, आवक नंबर अमुक, क्लार्कनं सही केली." एवढंच. पुढं दोन वर्षानं उलटतपासणीत वकील तारीख विचारतो तेव्हा डोक्यावर भरवसा ठेवलेला माणूस गडबडतो आणि खरं बोलत असूनही खोटा दिसतो.

प्रत्येक अर्जाची पोहोच घ्या, शिक्का, तारीख, आवक नंबर तिन्ही. क्लार्क "ठेवून जा" म्हणला तर ठेवून येऊ नका, पोस्टात जा, स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोहोचल्याबरोबर ट्रॅकिंगची प्रिंट काढा, नंतर साइटवर ते दिसत नाही.

४. अपील पहिलं, ते थांबवू नका

लोकांना वाटतं की आधी साहेबाला धडा शिकवू, जमिनीचं नंतर पाहू. उलट आहे. जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या महसूल अधिकाऱ्याच्या आदेशावर अपिलाची मुदत महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २५० प्रमाणे ६० दिवस आहे आणि ती तुमच्या उपोषणासाठी थांबत नाही. आपल्या उदाहरणात अपील उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे एसडीओ ऑफिसला. आदेश उशिरा कळला असेल तर कलम २५१ खाली विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा आणि कधी, कोणाकडून, कसं कळलं हे शपथपत्रात लिहा. "शेतीच्या कामामुळं उशीर झाला" हे कारण सगळेच लिहितात, पेरणी अन् कापूस वेचणी दरवर्षीच असते, त्यानं साहेबाचं समाधान होत नाही. नक्कल मिळायला गेलेले दिवस मोजणीतून वगळता येतात, म्हणून नकलेवर अर्जाची आणि दिल्याची अशा दोन्ही तारखा आहेत का ते तिथंच पाहून घ्या.

अपिलासोबत स्थगितीचा अर्ज वेगळा द्या. नाहीतर अपील चालू असताना जमीन तिसऱ्याच्या नावावर खरेदी होऊन जाते आणि केसमध्ये आणखी एक माणूस घुसतो.

अपील जिंकलं आणि एसडीओनं निकालात लिहिलं की नोटीस बजावलीच नव्हती, तर तोच निकाल पुढच्या फौजदारीत तुमच्या कामाचा. हे दुसरं कारण अपील आधी करायचं.

५. वरिष्ठाकडे तक्रार, एक पान

आता तक्रार. कोणाकडे? तलाठी, मंडळ अधिकारी असेल तर एसडीओ आणि जिल्हाधिकारी. तहसीलदार असेल तर जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्त, आपल्याला एकतर नागपूर नाहीतर अमरावती. ग्रामसेवक असेल तर बीडीओ (गट विकास अधिकारी) आणि जिल्हा परिषदेचे सीईओ. सरपंच असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ३९. बारा जणांना पाठवलेला अर्ज फिरत फिरत शेवटी ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावर "चौकशी करून अहवाल द्या" म्हणून येतो, हे पाहिलं नाही असा माणूस आपल्या तालुक्यात सापडायचा नाही. दोघांना पाठवा, पुरे.

अर्जात शिव्या नको, "भ्रष्ट, मुजोर" नको. काय केलं, कोणत्या तारखेला, कोणता नियम मोडला, कोणता कागद जोडला, आणि काय पाहिजे (विभागीय चौकशी, नोंद दुरुस्ती). फाइल नुसती दाबून ठेवली असेल तर २००५ च्या बदल्या आणि विलंब प्रतिबंध कायद्याचा उल्लेख करा, त्यात फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर ठेवायची नाही असं स्पष्ट आहे.

६. पैसे मागत असेल तर वरचं सगळं सोडा

लाचेची मागणी असेल तर रस्ता वेगळा, अपील बिपील नंतर. १०६४ वर फोन करा किंवा जिल्ह्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागात जा. आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, मग पावडर लावलेल्या नोटा देऊन सापळा. पैसे तुमचेच लागतात, नंतर परत मिळतात. बळजबरीनं आधीच देऊन बसला असाल तर सात दिवसांच्या आत कळवा, म्हणजे देणारा म्हणून तुमच्यावर येत नाही.

इथली नेहमीची चूक: तुम्हीच पैशाची गोष्ट काढणं. "साहेब काही देऊ का" असं रेकॉर्डिंगमध्ये तुमच्याच तोंडून आलं तर मागणी सिद्ध होत नाही, आणि मागणीशिवाय केस उभी राहत नाही. त्याला बोलू द्या.

७. पोलीस ठाणे, एसपी, मग जेएमएफसी

कलमं समजून घ्या. कायदा डावलून मुद्दाम नुकसान केलं तर भारतीय न्याय संहिता कलम १९८. खोटा शासकीय कागद मुद्दाम तयार केला तर २०१. खोटी सही वगैरे बनावटगिरी वेगळी. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुन्या आयपीसीची १६६, १६७ लागतात. आता यात एक मेख आहे. १९८ अदखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, आणि शिक्षा एक वर्षापर्यंतच, म्हणजे ठाण्यात नुसतं तेच कलम सांगितलं तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) फाडून घरी पाठवतील, आणि शिक्षा एक वर्षाची म्हणून कोर्टानं दखल घ्यायची मुदतही एकच वर्षाची. लोक दोन दोन वर्षं निवेदनं देत बसतात आणि हे कलम हातून जातं. २०१ दखलपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, मुदतही तीन वर्षं. आपल्या उदाहरणातली मेलेल्या आईची सही २०१ मध्ये आणि बनावटगिरीत बसते, तक्रारीत तीच वर घ्या.

क्रम असा:

अ. ठाण्यात लेखी तक्रार, पोहोचसह.
आ. गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पुढची १७५, २२३, २१८ ही कलमंही तिचीच) कलम १७३(४) प्रमाणे एसपींना लेखी, पोस्टानं.
इ. तरी नाही तर तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे (जेएमएफसी) १७५(३) चा अर्ज. सोबत शपथपत्र लागतंच, आणि अ, आ केल्याचे पुरावे लागतात. सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये प्रियांका श्रीवास्तव प्रकरणात हे सांगितलं होतं, आता कायद्यातच आलंय.

समोर सरकारी अधिकारी आहे आणि गोष्ट त्याच्या कामातून निघालेली आहे, म्हणून १७५(४) येतं. कोर्ट आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवतं आणि त्या अधिकाऱ्याचं म्हणणं पाहतं, मग तपासाचा आदेश. खासगी फिर्याद केली तरी २२३ मध्ये साधारण तसंच. म्हणजे एकाच तारखेला गुन्हा दाखल होईल अशी आशा ठेवू नका, आणि इथंच पायरी ५ ची तक्रार कामी येते, कारण वरिष्ठानं तुमच्या तक्रारीवर काहीतरी लिहिलेलं असतं, ते विरोधात असलं तरी त्यातल्या चुका दाखवता येतात.

मग परवानगीचा खोडा. कलम २१८ प्रमाणे खटल्याला शासनाची मंजुरी लागते, ती मागितल्यावर १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर दिली असं धरलं जातं. पण हे संरक्षण ज्याला शासनाच्या मंजुरीशिवाय नोकरीवरून काढता येत नाही त्यालाच आहे. तलाठ्याला ते नसतं असं म्हणायला जागा असते, कारण त्याची नेमणूक जिल्हा पातळीवरून होते. तहसीलदाराचा प्रश्न वेगळा. म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा की याचा नेमणूक अधिकारी कोण. शिवाय खोटा कागद बनवणं हे सरकारी कर्तव्य नव्हे असं कोर्टांनी बरेचदा म्हटलंय, समोरचा वकील वाद घालेल तो घालू द्या. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात मात्र तलाठ्यालाही कलम १९ ची मंजुरी लागते, मुदत तीन महिने, वर एक महिना वाढते.

तपासा: अर्जात अधिकाऱ्याचं हुद्द्यासोबत नाव आहे का? मुद्दाम केल्याचा आरोप असेल तर माणसाला नावानं पक्षकार करावं लागतं, हायकोर्टात तर हमखास. "तहसीलदार, तालुका अमुक" एवढंच लिहिलं की त्या खुर्चीवर आज बसलेला दुसराच माणूस उत्तर देतो आणि ज्यानं केलं तो मोकळा.

८. दिवाणी नोटीस आणि नागपूर

नुकसानभरपाई किंवा हक्काची घोषणा (डिक्लेरेशन) मागायची असेल तर दिवाणी दावा, त्याआधी सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, शासनासाठी जिल्हाधिकाऱ्याला आणि त्या अधिकाऱ्याला. तातडी असेल, उद्या जेसीबी येणार असेल, तर ८०(२) खाली कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय जाता येतं. अधिकाऱ्याच्या छळवादाची भरपाई शेवटी त्याच्याच खिशातून वसूल व्हावी असं सुप्रीम कोर्टानं १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात म्हटलंय, वकिलाला माहीत असतं, पण आठवण द्यायला हरकत नाही.

हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांचं बघतं. तिथे रिट (थेट हायकोर्टात करायची याचिका) टाकली की पहिला प्रश्न येतो, अपील का केलं नाही. अपील केलेलं असेल, ते दाबून ठेवलं असेल, किंवा तुम्हाला ऐकूनच घेतलं नसेल, तर रिट चालते. सहीच्या तारखेचा वाद, साक्षीदारांची गोष्ट, हे रिटमध्ये तपासत नाहीत.

९. वकील आणि पैसा

महसुली वकील आणि फौजदारी वकील वेगळे असतात, दोन्ही करतो म्हणणारा तालुक्याला एखादाच खरा असतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत पाहिजे. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, नाहीतर १५१०० वर फोन करा. आपल्या उदाहरणातल्या बहिणींना एक रुपया न देता वकील मिळाला असता, पण हे कोणी सांगत नाही. मूळ कागद वकिलाला देऊ नका, झेरॉक्सचा सेट द्या, मूळ फक्त कोर्टात दाखल करताना, यादीवर सही घेऊन.

१०. केस लागल्यावर

तीन गोष्टी होतात, ठरलेल्या.

पहिली, दबाव. गावातला कोणी पुढारी येतो, "भाऊ, साहेब चांगले आहेत, मिटवून घ्या." मिटवायचंच असेल तर तोंडी नको, आधी फेरफार रद्द होऊ द्या, नक्कल हातात येऊ द्या.

दुसरी, उलट गुन्हा. सरकारी कामात अडथळा, ज्याला लोक अजून "३५३ लावीन" म्हणतात, आता ते न्याय संहितेचं १३२ आहे. म्हणून केस सुरू झाल्यावर त्या ऑफिसात एकटं जाऊ नका, आवाज चढवू नका, टेबलावर हात आपटू नका, अर्ज पोस्टानंच द्या.

तिसरी, बदली किंवा निवृत्ती. बदली झाली तरी फौजदारी केस त्या माणसाच्या मागे जाते, काळजी नको. निवृत्तीचं मात्र पाहून ठेवा. निवृत्तीनंतर विभागीय चौकशी सुरू करायची तर १९८२ च्या पेन्शन नियमातला नियम २७ आडवा येतो, चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेवर ती सुरू करता येत नाही. तलाठी, मंडळ अधिकाऱ्यांची ज्येष्ठता यादी जिल्हाधिकारी कार्यालय काढतं, तिच्यात जन्मतारीख असते, म्हणजे निवृत्ती कधी ते कळतं. साइटवर नसेल तर माहिती अधिकारात मागा, आणि दोन-तीन वर्षंच उरली असतील तर पायरी ५ ची तक्रार आजच टाका, चौकशी लागली का हे दर महिन्याला लेखी विचारत राहा.